लिव्ह भारी की पीजीए? गोल्फच्या टूरांची ताकद मोजतात कशी

२०१६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमध्ये गोल्फपटू जिम फ्युरिकने एका फेरीत अवघे ५८ स्ट्रोक, म्हणजे फटके, मारले. गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं. अमेरिकेतल्या पीजीए टूर या स्पर्धामालिकेत त्याआधी ५९ च्या खाली कोणीच गेलं नव्हतं. सात वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, ब्रायसन डीशॅम्बोनेही ५८ मारले, पण ते लिव्ह गोल्फ या सौदी पैशावरच्या नव्या मालिकेतल्या ग्रीनब्रायरच्या स्पर्धेत. दोन्ही मैदानं पार ७० ची, म्हणजे चांगल्या खेळाडूला एका फेरीत ७० स्ट्रोक लागावेत अशी अपेक्षा असलेली. कागदावर दोन्ही फेऱ्या तंतोतंत सारख्या, पारपेक्षा बारा कमी. फ्युरिकला ५८ मारूनही ती स्पर्धा जिंकता आली नाही. डीशॅम्बो जिंकला. मग दोघांतली जास्त मोठी कामगिरी कोणाची?

आमच्या तालुक्यात गोल्फचं मैदान नाही आणि ते नजीकच्या काळात होईल अशी चिन्हंही नाहीत. तरी मोबाइलवर गोल्फ बघणारी चार-पाच डोकी प्रत्येक गावात निघतात. मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मानाच्या स्पर्धांपैकी एखादीची, शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारी पहाटेपर्यंत चालते आणि सकाळी टपरीवर वाद रंगतो. एक म्हणतो, लिव्हवाले पैशाच्या मागे गेले, तिथे कसली आलीय चुरस? दुसरा म्हणतो, जॉन राम, डीशॅम्बो जिथे खेळतात तिथे चुरस नाही म्हणणारा तू कोण? दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. घोळ असा की दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

आधी जुजबी माहिती, ज्यांना गोल्फ नवीन आहे त्यांच्यासाठी. गोल्फमध्ये समोरासमोर लढत क्वचितच असते. शे-दीडशे खेळाडू एकाच मैदानावर आपापला चेंडू मारतात, १८ होलची एक फेरी, अशा चार दिवसांत चार फेऱ्या, एकूण ७२ होल. सगळ्यात कमी स्ट्रोक लागले तो विजेता. दोन दिवसांनंतर साधारण अर्धे खेळाडू घरी जातात, त्याला कट म्हणतात. कट चुकला की बहुतेक ठिकाणी पैसेही नाहीत. अशा स्पर्धांची वर्षभराची मालिका म्हणजे टूर. अमेरिकेतली पीजीए टूर सगळ्यात मोठी. युरोपियन टूर २०२२ पासून डीपी वर्ल्ड टूर या नावाने चालते. शिवाय एशियन टूर आहे, आपली भारतातली पीजीटीआय आहे. मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनची द ओपन या चार मेजर कुठल्याही एका टूरच्या मालकीच्या नाहीत, आणि पुढच्या सगळ्या हिशोबाची किल्ली तिथेच आहे.

२०२२ च्या जूनमध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पैशावर लिव्ह सुरू झाली. पहिली स्पर्धा लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर झाली, चार्ल श्वार्टझेलने ती जिंकली. ४८ खेळाडू, चारऐवजी तीन फेऱ्या, कट नाही, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करणार. एका स्पर्धेची बक्षिसं अडीच कोटी डॉलरची, त्यातले चाळीस लाख वैयक्तिक विजेत्याला आणि अगदी शेवटच्या नंबरालाही एक लाख वीस हजार डॉलर. पीजीए टूरने तिकडे गेलेल्यांना निलंबित केलं. एकाच खेळाचे दोन कळप झाले आणि ते वर्षातून जेमतेम चार वेळा समोरासमोर येऊ लागले.

आता मोजमापाकडे येऊ. त्यासाठी थोडा वेळ आमच्या सड्यावर चला.

दिवाळीनंतर पाऊस पडेपर्यंत आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांची नुसती जत्रा असते. बॅनरवर चषकाचं नाव, बक्षिसाची रोख रक्कम आणि मान्यवरांचे फोटो असतात. स्पर्धा गावमर्यादित आहे, तालुकामर्यादित आहे की खुली, हे कुठेतरी खाली छापलेलं असतं, आणि जाणकार माणूस आधी तेच वाचतो. आमच्या वाडीतला एक पोरगा मैदानावर पंचांना सांगत होता, गावमर्यादितमध्ये चार मॅचीत तीन फिफ्ट्या ठोकल्या म्हणून. पंच साठीचे. चुन्याची पुसलेली क्रीज नव्याने मारत होते. मान वर न करताच म्हणाले, “बरां केलंस रे झिला. पण बॉलिंग कोणाची होती, ता सांग आधी.”

पोरगा गप्प. पण पंचांच्या प्रश्नाचं उत्तर काढायची रीत अवघड नाही. समजा एक बॉलर गावमर्यादितही खेळला आणि खुलीतही. तिकडे त्याला षटकामागे सहा धावा पडल्या आणि इकडे अकरा. एका बॉलरवरून काहीच ठरत नाही, त्या दिवशी त्याचा खांदा दुखत असेल. पण दोन्हीकडे खेळलेले असे पंधरा-वीस खेळाडू मिळाले आणि बहुतेकांचे आकडे खुलीत असेच बिघडले, तर खुली स्पर्धा किती जड आहे ते आकड्यात सांगता येतं. आणि मग जो पोरगा खुलीत कधी खेळलाच नाही, त्याच्या फिफ्ट्यांची किंमतही अंदाजाने लावता येते. दोन स्पर्धांना जोडणारे सामाईक खेळाडू हेच मोजमापाचं मूळ. बक्षिसाची रक्कम, स्टेजची रोषणाई, समालोचकाचा घसा यांचा त्यात काही संबंध नाही.

गोल्फमध्ये हेच करतात, फक्त जास्त बारकाईने. नुसता स्कोर तुलनेला निरुपयोगी, हे डीशॅम्बोच्याच २०२४ च्या दोन महिन्यांवरून बघा. मे महिन्यात व्हलहॅलाच्या मैदानावर पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो पारपेक्षा २० कमी खेळला आणि एका स्ट्रोकने हरला, कारण झँडर शॉफेलेने २१ कमी मारले. जूनमध्ये पाइनहर्स्टला तो पारपेक्षा फक्त ६ कमी खेळला आणि यूएस ओपन जिंकला, रोरी मॅकलरॉयला एका स्ट्रोकने मागे टाकून. खेळाडू तोच, फॉर्मही तोच. मैदानाने चौदा स्ट्रोकांचा फरक पाडला.

वाऱ्याचंही तसंच. स्कॉटलंड-इंग्लंडच्या किनाऱ्यावर द ओपन होते तेव्हा सकाळी निघालेल्यांना एक हवामान मिळतं आणि दुपारी निघालेल्यांना दुसरंच. दुपारी खारा वारा सुटला की काय होतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लिव्हमध्ये सगळे एकदमच सुरू करत असल्याने नशिबाचा हा भाग बराच कमी होतो, हे मान्य करायला हवं.

म्हणून प्रत्येकाचा स्कोर त्याच दिवशी त्याच मैदानावर खेळलेल्या बाकीच्यांच्या सरासरीशी ताडून बघतात. सरासरी ७१ असताना तुम्ही ६८ मारलेत तर तुम्ही तीन स्ट्रोक कमावलेत. याला स्ट्रोक्स गेन्ड म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ही पद्धत घडवली आणि २०११ मध्ये पीजीए टूरने पटिंगसाठी, म्हणजे होलजवळच्या हिरवळीवरून चेंडू आत ढकलण्यासाठी, ती अधिकृतपणे स्वीकारली. एका फेरीमागे सरासरी दोन स्ट्रोक कमावणारा खेळाडू जगातल्या पहिल्या काहीजणांत बसतो. स्कॉटी शेफलर २०२४ मध्ये अडीचच्या आसपास होता, आणि म्हणून तो वेगळाच प्राणी वाटतो.

इथे पंचांचा प्रश्न परत डोकं वर काढतो. सरासरी कोणाची? कमकुवत फळीसमोर तीन स्ट्रोक कमावणं आणि तगड्या फळीसमोर तीन कमावणं एक नाही. त्यामुळे दुसरी पायरी येते, त्या दिवशी मैदानात कोण कोण होतं आणि त्यांची एरवीची पत काय, हे धरून आकडा दुरुस्त करायचा. पण त्यांची पत काढायची तर ते ज्यांच्याशी खेळले त्यांची पत माहीत हवी. हे चक्र वाटतं खरं, पण संगणकाला हजारो फेऱ्या एकदम दिल्या की तो सगळ्यांच्या पती एकत्रच सोडवतो. दुबईत अ आणि ब एकत्र खेळले, फ्लोरिडात ब आणि क. म्हणून अ आणि क कधी भेटले नसले तरी त्यांची तुलना होते. धागा तुटलेला नसला म्हणजे झालं.

धागा जाड मात्र हवा. गोल्फमध्ये नशिबाचा गोंगाट फार मोठा आहे. एकाच व्यावसायिक खेळाडूचा एका फेरीचा स्कोर त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती साधारण पावणेतीन स्ट्रोकांनी खालीवर होत असतो. हा आकडा धरून मी हिशोब केला. एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा फेरीमागे अर्ध्या स्ट्रोकने सरस असेल, आणि या पातळीवर अर्धा स्ट्रोक म्हणजे चांगलाच फरक, तर चार फेऱ्यांअंती तो पुढे असण्याची शक्यता जेमतेम ६० टक्के निघते. म्हणजे दहातल्या चार वेळा कमी दर्जाचा खेळाडू वर. तेव्हा एका मेजरमध्ये कुठल्या टूरवाल्याने चषक उचलला यावरून टूरचं माप काढणं म्हणजे एका षटकावरून बॉलर ठरवणं.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट सापडते, जी मला तरी अनपेक्षित होती. लिव्हवर सुरुवातीपासून मोठा आक्षेप होता तो तीन फेऱ्यांचा, ५४ होलमध्ये कसली परीक्षा म्हणून. पण वरच्याच उदाहरणात चारऐवजी तीन फेऱ्या धरल्या तर ६० चे ५९ टक्के होतात. फरक फेरीमागे अर्ध्याऐवजी दोन स्ट्रोकांचा धरला, म्हणजे वाघ आणि शेळी, तर ८५ चे ८१. बस, एवढंच. चौथ्या फेरीने परीक्षा कडक होते, पण लोक समजतात तेवढी नाही. लिव्हने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुढच्या हंगामापासून ७२ होल खेळायचं जाहीर केलं तेव्हा जागतिक क्रमवारीच्या वाटेतला मोठा अडसर दूर झाल्यासारखी चर्चा झाली. माझ्या मते अडसर तो नव्हताच.

खरा फरक पडतो तो खेळाडूंच्या संख्येने. सगळे अगदी सारख्या ताकदीचे आहेत असं धरा. ४८ जणांत जिंकायची शक्यता सुमारे दोन टक्के, १५६ जणांत दोन-तृतीयांश टक्क्याच्याही खाली. तीनपटीहून अधिक फरक, आणि तोही फक्त डोकी मोजून. अर्थात सगळे सारखे नसतात, आणि टपरीवरचा खरा वाद इथेच सुरू होतो.

ताकद म्हटलं की त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. वरचे पाच-सहा किती भारी? मधला खेळाडू कसा? आणि शेपूट किती लांब आणि किती लुळं? लिव्हच्या पहिल्या काही हंगामांत वरचं टोक निर्विवाद जागतिक दर्जाचं होतं. कॅमेरॉन स्मिथ २०२२ च्या जुलैत सेंट अँड्र्यूजला द ओपन जिंकून दीड-दोन महिन्यांत तिकडे गेला. जॉन राम २०२३ ची मास्टर्स जिंकलेला, जगात तिसरा असताना त्या डिसेंबरात गेला. पण त्याच मैदानात चाळिशी उलटलेले, नावावर जुनी पुण्याई असलेले आणि करारामुळे जागा पक्की असलेले कितीतरी होते. पीजीए टूरच्या साध्या आठवड्यात वरचं टोक कधीकधी लिव्हपेक्षा बोथट असतं, पण तिथला ६० वा आणि ९० वा खेळाडू भुकेला असतो, कारण वर्षअखेर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, जाण्याची टांगती तलवार असते. पूर्ण कार्ड पहिल्या १२५ जणांना मिळायचं, २०२६ पासून ते फक्त १०० जणांना.

त्यामुळे ‘लिव्ह जिंकणं सोपं’ आणि ‘लिव्हमध्ये रामला हरवणं सोपं’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. दुसरं साफ चुकीचं आहे.

आता अधिकृत जागतिक क्रमवारी या सगळ्याचं काय करते ते बघू. १९८६ च्या एप्रिलमध्ये, मास्टर्सच्या तोंडावर, ती पहिल्यांदा निघाली आणि पहिला क्रमांक जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरचा होता. दोन वर्षांच्या कामगिरीचे गुण, त्यातले पहिले १३ आठवडे पूर्ण वजनाने आणि मग दर आठवड्याला थोडे थोडे झिजत. एकूण गुणांना खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागायचं, पण भाजक किमान ४० धरायचा. थोड्याच स्पर्धा खेळून सरासरी फुगवायची सोय नको म्हणून.

जुन्या पद्धतीत एका स्पर्धेला किती गुण, हे तिथे पहिल्या दोनशेतले किती हजर आहेत यावर ठरायचं. शिवाय प्रत्येक टूरला ठरावीक किमान गुण मिळायचे, फळी कितीही पातळ असली तरी. त्याचा परिणाम काय झाला ते ब्रॉडी आणि रिचर्ड रेंडलमन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं. दोन्हीकडे खेळणाऱ्यांचे स्कोर जोडून त्यांनी सगळ्यांना एका पट्टीवर आणलं. क्रमवारीत पीजीए टूरवाले तेवढ्याच कुवतीच्या बाहेरच्या टूरवाल्यांपेक्षा सरासरी २६ ते ३७ क्रमांक मागे दिसत होते. बाहेरच्या टूरांवर गुण स्वस्त होते, दुसरं काय. मेजरमध्ये प्रवेश या क्रमवारीवर मिळतो, तेव्हा हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता.

ऑगस्ट २०२२ मध्ये नवी पद्धत आली. आता मैदानातल्या प्रत्येक खेळाडूची, अगदी शेवटच्याचीही, त्याच्या दुरुस्त केलेल्या स्ट्रोक्स गेन्डनुसार पत काढतात आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या स्पर्धेचं वजन. किमान गुण रद्द. अपवाद मेजरचा, तिथे विजेत्याला सरळ १०० गुण, आणि पीजीए टूरच्या प्लेयर्स चॅम्पियनशिपला ८०.

ही पद्धत अधिक न्याय्य आहे असं मला वाटतं, पण तिचा पहिलाच मोठा खटका मनोरंजक होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्यात दोन स्पर्धा होत्या. दुबईत डीपी वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा, जेमतेम पन्नास खेळाडू, पण त्यात राम आणि मॅकलरॉयसारखी मंडळी. अमेरिकेत आरएसएम क्लासिक, दीडशेच्या वर खेळाडू, बडी नावं फारशी नाहीत. जास्त गुण अमेरिकेतल्या स्पर्धेला मिळाले. राम दुबईत जाहीरपणे वैतागला, ही पद्धत हास्यास्पद आहे म्हणाला, आणि मग ती स्पर्धाही त्यानेच जिंकली.

त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. खरोखर अव्वल असलेल्या माणसाला स्वतःच्याच तोलाचे दहाजण आडवे आले तर ते शंभर मध्यम खेळाडूंपेक्षा जास्त जड जातात. पण गणिताचीही बाजू आहे. ते शंभर मध्यम खेळाडू एकेकटे क्वचित जिंकतात, सगळे मिळून मात्र दर दोन-चार आठवड्यांनी त्यांच्यातला कोणीतरी डोकं वर काढतोच. बेरीज करणाऱ्याला ते सोडून देता येत नाहीत.

लिव्हने २०२२ च्या जुलैत या क्रमवारीत सामील व्हायला अर्ज केला, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो नाकारला गेला आणि मार्च २०२४ मध्ये लिव्हने तो मागे घेतला. नाकारण्यामागची कारणं बारकाईने वाचण्यासारखी आहेत. क्रमवारीचे तेव्हाचे अध्यक्ष पीटर डॉसन यांचं म्हणणं असं होतं की कमी होल, कमी खेळाडू, कट नसणं या गोष्टींवर गणिताने तोडगा निघू शकतो. नियमात सरासरी किमान ७५ खेळाडू हवेत, तरीही. अडलं होतं ते दोन ठिकाणी. खेळाडूंची आवकजावक नगण्य होती, कारण कामगिरीपेक्षा करार बघून जागा पक्क्या होत होत्या. आणि वैयक्तिक स्पर्धेतच संघाची स्पर्धा चालू असल्याने शेवटच्या होलवर माणूस स्वतःसाठी खेळतोय की संघासाठी, याची शाश्वती नव्हती. टायगर वूड्सच्या यजमानपदाखाली बहामात होणाऱ्या स्पर्धेत वीसच्या आसपास निमंत्रित असतात आणि तिला गुण मिळतात, याकडे लिव्हच्या बाजूचे बोट दाखवायचे. मुद्दा बिनतोड होता, पण ती वर्षातली एक स्पर्धा, अख्खी टूर नाही.

आवकजावक का महत्त्वाची, ते सांगतो. स्ट्रोक्स गेन्ड हा तुलनेचा आकडा आहे. एका बंद मैदानात सगळ्यांच्या कमाईची बेरीज कायम शून्यच येते. एकाने कमावलेला स्ट्रोक दुसऱ्याने गमावलेला असतो. तेव्हा अख्खी फळीच म्हातारी झाली, किंवा अख्खी फळीच सुधारली, तरी आतले आकडे जसेच्या तसे दिसतात. बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे हेच काय ते माप. ते बंद झाले की टूर चांगली आहे का वाईट, हा प्रश्न गणितातून उडून जातो आणि उरतात फक्त टपरीवरची मतं.

अधिकृत क्रमवारीने मग लिव्हच्या कामगिरीला शून्य धरलं. राम तिसऱ्या क्रमांकावरून घसरत पहिल्या पन्नासाबाहेर गेला. त्याचा खेळ तेवढा बिघडला असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. म्हणून या काळात डेटा गोल्फसारख्या स्वतंत्र विश्लेषकांच्या याद्या जास्त उपयोगी पडल्या. ते लिव्हच्या फेऱ्या धरतात आणि मिळतील त्या धाग्यांनी बाकीच्या जगाशी जोडतात.

धागे किती? मेजर हा मुख्य. २०२३ ची मास्टर्स घ्या. लिव्हचे १८ जण होते, १२ जणांनी कट पार केला. ब्रूक्स केप्का आणि फिल मिकेलसन दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत, पॅट्रिक रीड चौथ्या क्रमांकावर बरोबरीत. त्या आठवड्यात लिव्हच्या बाजूने ढोल वाजले. पुढच्याच महिन्यात केप्काने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. पण मास्टर्समध्ये मुळातच नव्वदच्या आतबाहेर खेळाडू असतात आणि पन्नासपेक्षा जास्त पुढे जातात, त्यात जुने विजेते आजोबाही धरलेले. तेव्हा १८ त १२ हे बरं प्रमाण झालं, आश्चर्य नाही. दुसरं असं की हे १८ म्हणजे लिव्हमधले निवडक. उरलेल्या तिसांना प्रवेशच नव्हता. वरचं टोक तपासलं गेलं, शेपूट तपासायची संधीच आली नाही.

बाकीचे धागे बारीक पण कामाचे. चिलीचा होआकिन नीमान २०२३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि त्याला मास्टर्सचं खास निमंत्रण मिळालं. टिरेल हॅटन लिव्हमध्ये असताना २०२५ च्या जानेवारीत डीपी वर्ल्ड टूरची दुबई डेझर्ट क्लासिक जिंकला. एशियन टूरच्या इंटरनॅशनल सिरीजला लिव्हचाच पैसा असल्याने तिथेही ये-जा आहे. हे सगळं जोडून बघितलं तर माझं मत असं बनतं की लिव्हचे पहिले आठ-दहा जण कुठेही पहिल्या पन्नासात बसले असते, त्यातले दोन-तीन पहिल्या दहात. त्याखालचा उतार मात्र पीजीए टूरपेक्षा खूप तीव्र होता.

नीमानचं २०२५ चं वर्ष या मोजमापाच्या अडचणीचा उत्तम नमुना आहे. त्याने लिव्हच्या पाच स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी चार मेजरमध्ये त्याची सर्वोत्तम जागा पीजीए चॅम्पियनशिपमधली बरोबरीतली आठवी. आणि लिव्हचं त्या हंगामाचं वैयक्तिक विजेतेपद? ते गेलं रामला, ज्याने त्या वर्षी लिव्हची एकही स्पर्धा जिंकली नव्हती, फक्त जवळजवळ दर वेळी वर राहिला. चषक मोजणाऱ्याला नीमान राजा दिसतो आणि सरासरी काढणाऱ्याला राम. दोघं एकाच मैदानावर, एकाच फळीसमोर खेळूनही ही तऱ्हा.

आपल्याला यात जवळचा माणूस म्हणजे अनिर्बन लाहिरी. २०२२ च्या मार्चमध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो दुसरा आला, स्मिथच्या एका स्ट्रोकने मागे. फळीच्या खोलीच्या दृष्टीने वर्षातली सगळ्यात जड स्पर्धा कोणती विचाराल तर जाणकार बहुधा तिचंच नाव घेतील, मेजरच्याही आधी. त्या ऑगस्टअखेर तो आणि स्मिथ दोघेही लिव्हला गेले. २०२४ मध्ये स्पेनमधल्या वाल्देरामाला तो लिव्हची स्पर्धा प्ले-ऑफमध्ये सर्जियो गार्सियाकडून हरला. या दोन दुसऱ्या क्रमांकांत वजनदार कोणता, हे एव्हाना सांगायची गरज नसावी. शुभंकर शर्मा डीपी वर्ल्ड टूरवरच राहिला आणि २०२३ च्या द ओपनमध्ये बरोबरीत आठवा आला. लाहिरी लिव्हवर कसा खेळत होता आणि शुभंकर कसा, हे अधिकृत यादीवरून कळायची सोयच नव्हती, कारण एकाचे गुण मोजले जात होते आणि दुसऱ्याचे नाही.

भारतात असा धागा अलीकडे एकदा चांगला जुळला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. मॅकलरॉय, टॉमी फ्लीटवूड, व्हिक्टर हॉव्हलंड आणि त्यांच्याबरोबर पीजीटीआयवर वर्षभर खेळणारे आपले खेळाडू एकाच मैदानात. जिंकला फ्लीटवूड. दिल्लीचं मैदान अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी. मॅकलरॉयने तर तिथे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, बाहेरच काढायचा नाही असं ठरवलं होतं. लांब मारणाऱ्यांचा फायदा तिथे गळून पडतो आणि घरच्यांना मैदान पाठ. म्हणून त्या चार दिवसांच्या आकड्यांवरून पीजीटीआयची पत ठरवायची तर घरच्या मैदानाचा हिस्सा आधी वजा करावा लागेल, आणि तो किती धरायचा यावर संगणक चालवणाऱ्यांतही एकमत होत नाही.